‘जाधव’ आणि ‘राजे जाधव’ : सिंदखेड राजा परिसरातील एका आडनावाच्या व्युत्पत्तीची व विस्ताराची चिकित्सा

मराठीतील स्थानिक इतिहासलेखनात आडनावाला पुराव्याचे स्थान फार लवकर दिले जाते. एखाद्या घराण्याचा, गावाचा किंवा ज्ञातीचा इतिहास लिहावयास घेतला की पहिल्या दोन पानांतच आडनावाची व्युत्पत्ती येते, तिसऱ्या पानावर ती व्युत्पत्ती वंशावळ बनते आणि चौथ्या पानापासून आज ते आडनाव लावणारे सर्वच लोक त्या वंशावळीचे वारस ठरतात. शब्दाचा उगम, घराण्याचा उगम आणि लोकसमूहाचा उगम हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. तिन्हींची साधने वेगळी आहेत आणि एकाचे उत्तर दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही. हा भेद न पाळल्यामुळे होणारा घोटाळा पाहण्यासाठी बुलडाणा जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. महाराष्ट्रातील अतिप्रचलित आडनावांपैकी एक असलेले ‘जाधव’ आणि त्याचेच मोजक्या घरांपुरते मर्यादित असलेले ‘राजे जाधव’ हे रूप, अशी दोन्ही आडनावे या जिल्ह्याच्या दक्षिण भागात शेजारी शेजारी नांदत आहेत.

सिंदखेड राजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान. लखुजी जाधवराव व म्हाळसाबाई यांच्या पोटी १२ जानेवारी १५९८ रोजी त्यांचा जन्म झाला असे परंपरेने मानले जाते. लखुजींचा वाडा, त्यांची भव्य समाधी, मोती तलाव, चांदणी तलाव, काळा कोट इत्यादी वास्तू या घराण्याच्या वैभवाची साक्ष देतात. या वास्तूंविषयी वाद नाही. वाद आहे तो वास्तूंच्या मागे तीन शतके जाऊन देवगिरीच्या सिंहासनापर्यंत पोहोचणाऱ्या रेषेविषयी. अशी रेषा काढण्यास हरकत नाही, परंतु ती कोठे सलग आहे आणि कोठे तुटक आहे हे दाखविणे लेखकाचे कर्तव्य ठरते.

शब्दाचा प्रश्न

‘यादव’ या संस्कृत शब्दापासून ‘जाधव’ झाले, हे विधान सर्वत्र आढळते आणि स्थूलमानाने ते ग्राह्यही आहे. संस्कृतातील आद्य ‘य’ चा प्राकृतात ‘ज’ होतो. यव-जव, यात्रा-जत्रा, यः-जो ही उदाहरणे परिचित आहेत. मराठी उच्चारातील ‘जाधव’ मधला ‘ज’ हा ‘जत्रा’, ‘जावई’ यांतील ‘ज’ आहे, ‘जय’ किंवा ‘जीवन’ यांतील नव्हे. म्हणजे शब्दाचा आरंभ मराठीच्या देशी वळणाने घडलेला आहे.

अडचण पुढे येते. दोन स्वरांमधला ‘द’ महाराष्ट्री प्राकृतात टिकत नाही. पाद-पाय, कदली-केळ ही त्याची मराठीतील फळे. ‘यादव’ शब्दही या वाटेने गेला होता आणि जैन महाराष्ट्रीत त्याचे ‘जायव’ असे रूप आढळते. ‘जाधव’ हा शब्द लोकमुखातून अखंडपणे उतरत आला असता तर त्यातला ‘द’ असा सुखरूप राहिला नसता. तो राहिला आहे, इतकेच नव्हे तर महाप्राण होऊन ‘ध’ झाला आहे. गुजरातीत ‘जादव’ हे रूप आहे. फारसी तवारिखांत लखुजींचा उल्लेख ‘जादोराय’ अशा वळणाने येतो. म्हणजे ‘ध’ ही मराठीची विशेष भर दिसते. द चा ध होण्यास सर्वसाधारण ध्वनिनियम सापडत नाही. ‘माधव’ या कृष्णाच्याच दुसऱ्या नावाचे सादृश्य तेथे कार्य करीत असावे, असा तर्क करता येईल, परंतु तो तर्कच होय.

या बारकाव्याला महत्त्व आहे, ते असे. आद्य ‘य’ चा ‘ज’ झालेला पण मधला व्यंजन संस्कृताप्रमाणे राहिलेला शब्द हा तद्भव नसून अर्धतत्सम असतो. तो पिढ्यानपिढ्या झिजत आलेला नसतो. संस्कृत शब्द माहीत असलेल्या, पुराणकथा व राजप्रशस्ती ऐकलेल्या समाजाने तो मध्येच केव्हातरी उचललेला आणि आपल्या जिभेवर बसविलेला असतो. ‘जाधव’ हे कुलनाम यदुवंशाशी असलेल्या नात्याच्या दाव्याचा पुरावा आहे. नात्याचा पुरावा त्यातून आपोआप निघत नाही. आडनावांच्या व्युत्पत्तीवर लिहिणारे बहुतेक लेखक ‘य’ चा ‘ज’ सांगून थांबतात व ‘द’ कडे दुर्लक्ष करतात, कारण ‘द’ कडे पाहिले की पुढचा परिच्छेद लिहिणे अवघड होते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. महाराष्ट्रात, विशेषतः सातारा-सांगली भागात, ‘यादव’ हेही आडनाव आहे. ‘जाधव’ म्हणजेच ‘यादव’ असेल तर दोन्ही रूपे एकाच समाजात स्वतंत्र आडनावे म्हणून का टिकून राहिली, याचा विचार व्युत्पत्तिकारांनी करावयास हवा. शब्द एकच असला तरी तो धारण करणारी घराणी निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या मार्गांनी त्याच्यापर्यंत आली असावीत, हे त्याचे सर्वांत सरळ उत्तर आहे.

पोकळी

देवगिरीच्या यादवांचा इतिहास कोरीव लेखांमुळे पुष्कळसा स्पष्ट आहे. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र सत्ता स्थापिली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीची स्वारी झाली. रामचंद्रदेवाने पुढे दिल्लीचे मांडलिकत्व पत्करले आणि ‘राय-ए-रायान’ हा किताब मिळविला. त्याचा जावई हरपालदेव याच्या वधानंतर, १३१८ च्या सुमारास, हे राज्य संपुष्टात आले. लखुजी जाधवराव निजामशाहीतील मातब्बर सरदार म्हणून इतिहासात दिसू लागतात ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस. मधले अंतर सुमारे अडीचशे वर्षांचे आहे.

या अडीच शतकांत बहमनी राज्य उदयास आले, नांदले आणि फुटले. परंपरागत वंशावळी या काळात नावांची एक साखळी देतात. अशा साखळीची परीक्षा करण्याचा एक साधा मार्ग आहे. पिढी पंचवीस ते तीस वर्षांची धरल्यास या अंतरात आठ ते दहा पिढ्या याव्यात. वंशावळीत चार-पाचच नावे असतील तर मधली माणसे विसरली गेली आहेत, आणि पंधरा-सोळा असतील तर भावाभावांची नावे बापलेक म्हणून ओवली गेली आहेत, असा संशय घ्यावा. दुसरी परीक्षा अशी की, साखळीतील किमान दोन-तीन नावे त्या वंशावळीबाहेरच्या समकालीन कागदात, मग तो शिलालेख असो, सनद असो वा फर्मान, आढळावयास हवीत. या दोन परीक्षा न घेता वंशावळ छापणे म्हणजे घराण्याची स्मृती प्रसिद्ध करणे होय. स्मृतीलाही मोल आहे, पण तिला इतिहास हे शीर्षक देता येत नाही.

ग्रँट डफच्या १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात सिंदखेडचे जाधव व देवगिरीचे राजे यांचा संबंध संभाव्य म्हणून येतो. नंतरच्या लेखनात ‘संभाव्य’ हा शब्द गळत गेला आणि शिल्लक राहिले ते निखळ विधान. नवीन पुरावा पुढे आल्यामुळे असे झाले असते तर तक्रार नव्हती. एका लेखकाने दुसऱ्याचा आधार घ्यावा, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि अखेरीस सर्वांनी एकमेकांचा, अशा रीतीने संभवाची खात्री झाली आहे. विद्यापीठीय प्रबंधांतही हेच घडते, हे अधिक खेदकारक आहे.

देवगिरीच्या यादवांची स्वतःची वंशकथाही अशाच कसोटीस पात्र आहे. ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ हे त्यांचे बिरुद होते आणि हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडातील राजप्रशस्तीत दृढप्रहार, सेउणचंद्र यांच्या मागे जाऊन त्यांचा वंश थेट द्वारकेपर्यंत नेला आहे. परंतु द्वारसमुद्राचे होयसळ स्वतःस यादव म्हणवीत आणि विजयनगरचे संगमवंशीयही यदुकुलाचा निर्देश करीत. करौलीचे जादौन आणि कच्छचे जाडेजा हेही यदुवंशी म्हणवितात. मध्ययुगात नव्याने राजपदास चढलेल्या घराण्याने यदूशी नाते जोडणे हा राजप्रशस्तीचा रूढ संकेत होता. श्रीनिवास रित्ती यांच्यासारख्या अभ्यासकांनी सेउण यादवांचे कन्नड प्रदेशाशी असलेले दृढ संबंध दाखविले आहेत. रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या ग्रंथात भोसले घराण्याची मुळे दक्षिणेतील होयसळ-यादव व गवळी-धनगर परंपरेत शोधली आहेत. ढेरे यांचे निष्कर्ष मान्य असोत वा नसोत, कुलनामाकडे पाहताना त्यांनी देवता, तीर्थ, स्थलांतर व पशुपालन यांचा एकत्र विचार केला, ही त्यांच्या पद्धतीची शक्ती आहे. केवळ ध्वनिसाम्यावर उभारलेल्या व्युत्पत्तींमध्ये नेमकी तिचीच उणीव असते.

काव्यातील साक्ष

सतराव्या शतकातील दोन काव्यग्रंथांची साक्ष या संदर्भात वारंवार काढली जाते. जयराम पिंड्ये याचे ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले आणि कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ स. म. दिवेकर यांनी १९२७ मध्ये. परमानंद लखुजींचा उल्लेख ‘यादवराज’ असा करतो. हा उल्लेख देवगिरीशी असलेल्या नात्याचा समकालीन पुरावा म्हणून पुढे केला जातो.

येथे वाङ्मयीन विवेकाची आवश्यकता आहे. परमानंद संस्कृत महाकाव्य लिहीत होता. देशी नामांना संस्कृत वेष चढविणे ही त्या काव्यप्रकाराची गरजच होती. ‘जाधवराव’ हे नाव अनुष्टुभात घ्यावयाचे तर ‘यादवराज’ हेच त्याचे शिष्ट रूप होय. ‘राव’ चा ‘राज’ ज्या न्यायाने झाला त्याच न्यायाने ‘जाधव’ चा ‘यादव’ झाला. त्यामुळे सतराव्या शतकातील एक विद्वान कवी जाधव आणि यादव यांना एकच शब्द मानीत होता, एवढे यातून निश्चित कळते. देवगिरीचा संबंध कवीला ठाऊक होता की नाही, हे या एका शब्दावरून ठरत नाही.

‘शिवभारता’चे खरे मोल अन्यत्र आहे. निजामशाही दरबाराबाहेर खंडागळे यांचा हत्ती बेफाम झाला आणि त्यातून जाधव-भोसले यांच्यात झुंज होऊन लखुजींचे पुत्र दत्ताजी व विठोजी भोसल्यांचे पुत्र संभाजी मारले गेले, हा प्रसंग परमानंदाने तपशिलाने वर्णिला आहे. त्यात दोन सोयऱ्या घराण्यांतील वैर दिसते, आणि कुलनाम हे त्या काळी वंशाच्या आठवणीपेक्षा शिपाई, हत्ती व मान यांच्या जमावाचे नाव होते हेही दिसते. ‘जाधव’ म्हणजे जाधवरावांच्या झेंड्याखाली उभे राहणारे, असा अर्थ त्या प्रसंगी सहज लागतो. पुढच्या काळातील बखरींनी मात्र रंगपंचमीच्या विनोदाची कथा पुढे आणली आणि मालोजी भोसल्यांची मागणी जाधवांना कशी अपमानास्पद वाटली ते रंगवून सांगितले. या कथेत ‘जाधव’ हे उच्च कुळाचे मोजमाप बनते. वाचकांच्या मनात ठसली ती हीच कथा. ‘शिवभारत’ तिला दुजोरा देत नाही.

‘राजे’ हे पूर्वपद

२५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात दुसऱ्या मूर्तजा निजामशहाने लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांचा विश्वासघाताने वध करविला. एका दिवसात घराण्याच्या तीन पिढ्यांतील कर्ते पुरुष गेले. उरलेल्यांच्या वाटा फुटल्या. काही मोगलांकडे गेले. अचलोजींच्या शाखेतील धनाजी जाधव पुढे राजारामांच्या काळी मराठ्यांचे सेनापती झाले, तर धनाजींचे पुत्र चंद्रसेन शाहूंशी बिनसल्यावर निजामाकडे गेले. सिंदखेडच्या रणांगणावर १७५७ मध्ये मराठे व निजाम समोरासमोर आले तेव्हा निजामाच्या बाजूस चंद्रसेनांचे पुत्र रामचंद्र जाधव होते. एकाच आडनावाची माणसे एकमेकांविरुद्ध लढत असण्याचे हे उदाहरण आडनावात निष्ठा शोधणाऱ्यांनी विसरू नये.

ज्या शाखा सिंदखेड परगण्यात राहिल्या त्यांनी स्थळनामांवर आपली मुद्रा उमटविली. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा ही गावे याची साक्ष होत. बुलडाणा जिल्ह्यातच देऊळगाव मही व देऊळगाव साकर्शा अशी गावे आहेत. अनेक देऊळगावांतून एक ओळखू यावे म्हणून ‘राजा’ हे पद जोडले गेले. आडनावातही हेच घडले. निजामशाहीत ‘राजे’ हा बहुमान व्यक्तीच्या नावाशी निगडित होता आणि शहाजीराजे, मालोजीराजे या रूपांत तो नामाच्या शेवटी येई. कालांतराने ‘राजे’ हे पद व्यक्तिनामापासून सुटले आणि कुलनामास चिकटले. राजे भोसले, राजे शिर्के, राजे निंबाळकर, राजे महाडिक यांप्रमाणेच ‘राजे जाधव’ हे जोडनाव तयार झाले. पुण्याकडील शाखांनी ‘जाधवराव’ हे रूप राखले, तेथे प्रतिष्ठेचे पद आडनावाच्या शेवटी राहिले. एकाच घराण्याच्या दोन प्रदेशांतील शाखांनी एकाच गरजेवर दिलेली ही दोन व्याकरणिक उत्तरे आहेत.

ही गरज कोणती? सत्ता असेपर्यंत वेगळेपण सांगण्यासाठी वतन, वाडा आणि मान पुरेसे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, अरब शिबंदीच्या उठावानंतर, देऊळगाव राजाच्या बाजीराव जाधवांचे वतन जप्त झाले. त्यानंतर लवकरच, १८५३ मध्ये, वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. मोजणी, शाळा, न्यायालय, नोंदणी यांच्या कागदात प्रत्येकाला आडनाव लागू लागले आणि ‘जाधव’ सर्वत्र दिसू लागले. ‘राजे जाधव’ या रूपाचे दुर्मीळपण हे ‘जाधव’ या रूपाच्या विपुलतेचेच दुसरे अंग आहे. सामान्य झालेल्या नावातून वेगळे निघण्यासाठी विशेषण आवश्यक झाले. म्हणून दुर्मीळ रूप हे प्राचीन असलेच पाहिजे, हा समज टाकून द्यावा लागतो. पद जुने आहे, पण कायम आडनाव म्हणून झालेली त्याची जोडणी तुलनेने अर्वाचीन आहे.

संख्येचा प्रश्न

‘जाधव’ आडनावाचे लोक किती आणि कोठे, हे सांगण्याचे अधिकृत साधन भारतात नाही. स्पेनमध्ये राष्ट्रीय सांख्यिकी संस्था आडनावांची प्रांतवार वारंवारता प्रसिद्ध करते, त्यामुळे एखादे दुर्मीळ आडनाव कोणत्या प्रांतात एकवटले आहे हे कोणासही पाहता येते. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेने बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ दिली, पण त्यात जाधव किती हे ती सांगत नाही. मतदार याद्या हे एक पर्यायी साधन आहे. ते वापरावयाचे तर लेखनभेदांचा विचार आधी करावा लागेल. विदर्भात इंग्रजी लेखनात या आडनावाच्या शेवटी ‘व्ही’ ऐवजी ‘ए-ओ’ ही अक्षरे लिहिण्याची जुनी रीत आहे आणि पश्चिम महाराष्ट्रातील लेखन निराळे आहे. केवळ इंग्रजी यादीवर विसंबणारा अभ्यासक एका आडनावाची दोन करील. उलट ‘जाधवर’ हे वंजारी समाजातील स्वतंत्र आडनाव ‘जाधव’ मध्ये मिळविण्याची चूकही संभवते.

संख्या हाती आली तरी ती कशाची संख्या आहे, हा प्रश्न उरतोच. जाधव हे आडनाव मराठा-कुणबी समाजात आहे, पूर्वाश्रमीच्या महार व आजच्या बौद्ध समाजात आहे आणि माळी, चर्मकार, कैकाडी अशा अनेक समाजांतही आहे. ‘आमचा बाप आन् आम्ही’ या नरेंद्र जाधव यांच्या आत्मकथनाचे वाचक या वस्तुस्थितीशी परिचित आहेत. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या भागांतील तांड्यांवर राहणाऱ्या बंजारा समाजातही राठोड, पवार, चव्हाण यांच्या बरोबरीने जाधव आहेत. बंजारा गोत्ररचनेत जाधव म्हणविणारे लोक ‘वडतिया’ गोताचे आहेत. तेलंगणात त्याच गोताचे लोक ‘वडत्या’ असेच आडनाव लावतात. येथे ‘जाधव’ हे मूळ कुलनाम नसून महाराष्ट्रात स्थिरावताना परिसरातील प्रचलित आडनावाशी घातलेली सांगड आहे. वडतिया गोताच्या माणसाला देवगिरीच्या यादवांचा वंशज ठरविणारी व्युत्पत्ती त्याच्या स्वतःच्या, कदाचित अधिक जुन्या, कुलस्मृतीवर पाणी सोडावयास लावते, हे आडनावकोश लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

वंशवृद्धीने या आडनावाचा विस्तार स्पष्ट करता येईल काय? गॅल्टन व वॉटसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आडनावे नष्ट होण्याची संभाव्यता गणिताने मांडली. मुलगाच आडनाव पुढे नेतो असे धरले आणि प्रत्येक पुरुषामागे सरासरी एकच मुलगा वाढीस लागतो असे मानले, तर कोणतीही एक पुरुषशाखा अखेरीस खुंटते. १६२९ सारखा एखादा दिवस हे काम क्षणात करतो. एका राजघराण्याच्या पोटी इतक्या परस्परभिन्न जातींत पसरलेला समूह जन्मास आला, असे मानण्यापेक्षा चाकरी, आश्रय, गाव आणि सरकारी नोंद यांच्या द्वारे आडनाव पसरले असे मानणे अधिक युक्त आहे. सकपाळ कुळातील मुलाचे नाव आंबडवे गावावरून आंबडवेकर होते आणि शाळेच्या दप्तरातून आंबेडकर म्हणून बाहेर पडते, हे उदाहरण सर्वांना ज्ञात आहे. अशी अज्ञात उदाहरणे किती असतील याची कल्पनाच केलेली बरी.

हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणात लोकांनी जात म्हणून जे सांगितले ते जसेच्या तसे टिपले गेले. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रानुसार देशात सुमारे ४६ लाख निरनिराळ्या नोंदी झाल्या, तर १९३१ च्या जनगणनेत जातींची संख्या ४,१४७ होती. महाराष्ट्रात अधिकृत सूचीत ४९४ जाती असताना सर्वेक्षणात ४,२८,६७७ नावे निघाली. जात विचारली असता लोकांनी आडनाव, कुळ, गोत, पोटजात यांपैकी जे आपले वाटले ते सांगितले. आडनाव आणि जात यांचे समीकरण सर्वेक्षकांनी व उत्तर देणाऱ्यांनी दोघांनीही गृहीत धरले आणि आकडे निरुपयोगी झाले.

महाराष्ट्रात २०२३ पासून न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा जुन्या मोडी व उर्दू दप्तरांतील नावे वाचण्याचे मोठे काम झाले. जात पडताळणीच्या २००० च्या अधिनियमाने जातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. एकोणिसाव्या शतकातील गावदप्तरात ‘अमुक वल्द तमुक’ एवढेच लिहून पुढे जात लिहिण्याची पद्धत होती, आडनाव पुष्कळदा नसेच. आजचा अर्जदार आडनाव घेऊन जातो आणि दप्तर त्याला बापाचे नाव दाखविते. दोहोंमधला दुवा वंशावळीने जोडावा लागतो. अशा वेळी ‘आडनाव एक म्हणून कुळ एक, कुळ एक म्हणून जात एक’ असा युक्तिवाद कोणाच्या बाजूने वापरला जाईल आणि कोणाच्या विरुद्ध, हे सांगता येत नाही. जाधव आडनावाच्या विद्यार्थ्याला ‘तुम्ही कोणते जाधव’ असा प्रश्न महाविद्यालयाच्या प्रवेश खिडकीपासून विवाहाच्या बोलणीपर्यंत विचारला जातो. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आडनावात मिळत नाही, म्हणूनच तो विचारला जातो.

अखेरचा मुद्दा स्त्रियांचा आहे, आणि या आडनावाच्या बाबतीत तो टाळता येत नाही. जाधव घराण्यातील सर्वाधिक ख्यातकीर्त व्यक्ती जिजाबाई होत, आणि आडनावाच्या कोणत्याही गणनेत त्यांचा वंश ‘जाधव’ मध्ये मोजला जाणार नाही. स्पेनमध्ये व्यक्ती पित्याचे व मातेचे अशी दोन आडनावे धारण करते आणि विवाहानंतर स्त्री आपले आडनाव बदलत नाही. त्या रीतीने शिवाजी महाराजांच्या नावात भोसले व जाधव ही दोन्ही कुळे राहिली असती. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदीत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिणे आवश्यक करण्यात आले. आईचे नाव आले, तिचे माहेरचे आडनाव आले नाही. सिंदखेड राजा तालुक्यातील ‘राजे जाधव’ घरांची यादी उद्या कोणी केली तर तीत त्या घरांतून सासरी गेलेल्या लेकी नसतील, आणि त्या घरांत आलेल्या सुना मात्र जन्माने जाधव नसताना मोजल्या जातील. यादी करणाऱ्याने घरटी दोन रकाने ठेवावेत, एक राहत्या नावाचा आणि एक माहेरच्या नावाचा. गावोगावच्या लग्नपत्रिकांत हा दुसरा रकाना आजही छापलेला सापडतो.